पुडीतलं सावत्र लेकरू

१८ जून, शनिवार

आज पुडी उघडली. उघडायला नको होती.

आईने बांधलेली पुडी आमच्या घरात कधी कुणी उघडलेली नाही. शिरस्ताच आहे तसा. लेकरं वेचायची (अळंबीला आम्ही अळंबी म्हणत नाही, लेकरं म्हणतो), केळीच्या पानात बांधायची, वाटेत कुणाची नजर पडू द्यायची नाही, आणि घरी आणून संत सान पेद्रोच्या तसबिरीपुढे ठेवायची. ज्याच्या दुखण्यासाठी आणली तो येऊन बसला, मेणबत्ती विझली, की आईच गाठ सोडणार. अंधारात. लेकरं जोडीनेच खायला द्यायची, एक नर, एक मादी. म्हणजे वेचणारीच्या डोळ्यांखेरीज दुसऱ्या कुणाचे डोळे त्या पुडीत पडतच नाहीत.

आणि वेचणारीचे डोळे गेलेत!

एप्रिलमध्ये हुआउत्लाच्या दवाखान्यात डॉक्टरने सांगितलं — दोन्हीकडे मोतीबिंदू, ऑपरेशन करून घ्या. आई म्हणाली, "मला लेकरं दिसतात. तेवढं बस झालं." काल तिने वात समजून जळती काडी स्वतःच्या बोटाला लावली. बोट चोखत बसली आणि मला म्हणाली, मेणबत्ती ओली आहे.

म्हणून आज ती ओढ्यावर गेली तेव्हा मी गाठ सोडली. बारा होती. सहा जोड्या, देठाला देठ लावून नीट निजवलेल्या. लहानपणी आईला करताना बघितलं होतं तसा एकेकाचा देठ नखाने जरासा दाबला आणि वाट बघितली. सगळे निळे पडले. मी शिकवते त्या शाळेतल्या शाईसारखे. परकं एकही नाही. मग मला स्वतःचीच लाज वाटली.

पान पुन्हा बांधलं, पण आईची गाठ मला येत नाही. माझी आपली बुटाच्या नाडीची फुलगाठ. संध्याकाळी आईने पुडी हातात घेतली, गाठीवरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं.

मग पुडी तसबिरीपुढे ठेवली आणि चूल पेटवायला गेली.

१९ जून

रात्रीचं सगळं सुरळीत झालं. रोगी मक्याची पेज पिऊन, हसत घरी गेला. उगाच संशय घेतला मी.

२९ जून, बुधवार

अक्षर बघ कसं वाकडंतिकडं येतंय. शाळेतल्या मुलांचं असं आलं असतं तर पुन्हा लिहून आणायला लावलं असतं.

आज पुन्हा पुडी उघडली. अकरा होती, आणि सगळ्यांच्या वर एक — सावत्र!

लाकडावर उगवतं त्याला आम्ही सावत्र म्हणतो. दिसायला तस्संच. तपकिरी, ओलसर, तेवढंच उंच. पण देठ दाबला आणि किती वेळ बसले, निळं म्हणून पडेना. मानेत बारीकसं कडं. लहानपणी, सहा-सात वर्षांची असेन, आईच्या मागे जायचे तेव्हा असलं एक उचललं होतं. आईने हातावर फाडकन मारलं होतं. "लाकडावरचं लेकरू आपलं नाही. ते पोटात गेलं की आठ दिवसांनी माणूस जातो." एवढी एक थप्पड, तेवढंच माझं शिक्षण.

मी ते काढलं. दहा उरली. नसतं काढलं तर? आज रात्री ज्याच्यासाठी पुडी आणली त्या वाडीतल्या कॉफीवाल्या म्हाताऱ्याच्या तोंडात गेलं असतं. आणि आईच्या हाताने.

आणखी एक. अकरा! आई जोडीशिवाय कधी वेचत नाही. उजव्या हाताने एक, डाव्या हाताने एक, आणि दोन्ही एकदम पुडीत. आयुष्यभर तसं. आता जोड्यांचंही भान राहिलं नाही तिला. ते बघून मला सावत्रापेक्षा जास्त रडू आलं.

त्या सावत्राची टोपी वहीच्या याच पानावर पालथी घालून वर वाटी ठेवली आहे. पुरावा असलेला बरा.

३० जून

वाटी उचलली. पानावर गोल डाग पडलाय, गंजाच्या रंगाचा. आपल्या लेकरांचा काळा-जांभळा पडतो. म्हणजे शंकाच नको.

आईला सांगणार आहे.

२ जुलै

सांगितलं नाही.

सकाळपासून घोकत होते. "आई, तुला आता दिसत नाही, तू दरडीवर जाऊ नकोस." एवढंच वाक्य. तव्यावरची भाकरी उलटताना ती स्वतःच म्हणाली, "यंदा दरड चांगली कोसळलीय गं. माती लाल-लाल झालीय नुसती. लेकरं भरपूर येणार." तोंड इतकं उजळलं होतं! दरड कोसळली की तिथल्या उघड्या मातीत लेकरं उगवतात, आणि आई दर वर्षी मुलगी माहेरी येणार असल्यासारखी वाट बघते. माझी कधी बघितली होती का अशी? बघितली असेल. मी सुटीतसुद्धा उशिरानेच यायचे.

ठरवलंय — बोलायचं नाही. ती वेचील, मी गुपचूप तपासीन. तिचं मन राहील, माणसं जगतील.

९ जुलै, शनिवार

पंधरा. पुन्हा एक सावत्र, पुन्हा अगदी वर. काढलं, चौदा उरली. डाग शेजारच्या पानावर घेतला आहे.

नशीब म्हणायचं की वरच असतं. तळाशी असतं तर दिसलंही नसतं एखाद्या वेळी.

आज आई ओढ्यावर जाताना दारातून ओरडून म्हणाली, "पुडी देवापुढे आहे हं. मला यायला वेळ लागेल." हे सांगायची काय गरज? मला वाटतं, तिला आता सगळंच बोलून ठेवावं लागतं, नाहीतर विसरते.

१२ जुलै

पान्फिलाकाकू शेजारून शेंगा घेऊन आली. बसली, पदर-बिदर सावरला, आवाज खाली आणला. म्हणजे बातमी आहे.

"ओदिलिया, रागावू नकोस. तुझी आई काल त्या जुन्या उसाच्या घाण्यापाशी बसली होती. कुजके ओंडके पडलेत ना, तिथे. त्यांच्यावर हात फिरवत होती."

"घाण्यापाशी? दरड तर त्या अंगाला!"

"तेच तर म्हणते. मी हाक मारली, आजी, वाट चुकलात का? तर मला म्हणते, 'तू तुझ्या कोंबड्या बघ.'"

वाट चुकते आता. दरडीच्या वाटेवर ती डोळे मिटून चालायची! काकूला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. काकूला असं सांगणं म्हणजे चर्चची घंटा बडवणं, पण दुसरं काय म्हणणार!

२१ जुलै

तेरा. वर एक. काढलं. बारा.

दुपारी आई मका सोलत होती. मधेच म्हणते, "काय गं, लाकडावरच्याला मानेत कडं असतं ना?"

"असतं."

"सगळ्यांना?"

"कोवळ्यात दिसतं. जुन्याचं गळून जातं कधीकधी."

"मग जुनं कसं ओळखायचं?"

"देठ दाबायचा, निळा पडतो का बघायचं. आई, मला काय विचारतेस? मी शाळेतली बाई!"

"सहज विचारलं," म्हणाली आणि कणीस हातात धरून कितीतरी वेळ हसत होती, आपल्याशीच.

स्वतःचं ज्ञान आता मला विचारून घेते. ज्या बाईकडे तीन-तीन डोंगर ओलांडून माणसं येतात, ती! मी मागच्या अंगणात जाऊन रडून आले.

२३ जुलै

मी सतरा वर्षांची होते. मास्तरकीच्या शाळेत नाव लागलं होतं, पेटी भरून तयार होती. आई म्हणाली, "जायच्या आधी एकदा दरडीवर चल." मी काय म्हणाले? "ते अडाण्यांचं काम आहे. मला त्यात ओढू नकोस." हे शब्द मला आज पाठ आहेत. तिने पुन्हा कधीही विचारलं नाही. एकदाही नाही.

नंतर मीच मोठेपणी एकदा म्हटलं होतं, आई, कुणाला तरी शिकवून ठेव. तर म्हणाली, "हे कुणी कुणाला शिकवत नसतं. लेकरंच शिकवतात, शिकायचं असेल त्याला." विषय संपला.

३ ऑगस्ट, बुधवार

नऊ. एक काढलं, आठ उरली.

आता उघडायला भीती वाटत नाही, ते मात्र वाईट. आधी देठ दाबून बघायचे, आज दाबायच्या आधीच कळलं. उचलल्याबरोबर. वासच नाही त्याला. आपल्यांना ओल्या पिठाचा वास असतो.

आईने संध्याकाळी गाठ चाचपली. "घट्ट बांधलीय," म्हणाली. मी म्हटलं, हो, तूच बांधलीस. "मीच तर," ती म्हणाली. आईशी असं खोटं बोलायचं वय आहे का माझं!

१० ऑगस्ट

पत्र आलं. बावीस तारखेपासून तीन आठवडे शिक्षकांचं प्रशिक्षण, वहाका शहरात. हजेरी सक्तीची.

तीन आठवडे पुडी कोण उघडणार?

१४ ऑगस्ट

चार रात्री झोप नाही. काकूला सांगावं? ती पुडीला हात लावणार नाही, मेली तरी. आईला बरोबर न्यावं? येणार नाही. खोटं बोलून नोकरीवर रजा घ्यावी? आणि मग पुढे? पुढचं वर्ष?

आज आईने तवा समजून निखाऱ्यावर हात ठेवला. तळवा भाजला. बटाटा किसून लावत होते तेव्हा म्हणाली, "ओदिलिया, तुझे हात चांगले झालेत गं." काय बोलत होती कुणास ठाऊक.

१७ ऑगस्ट, बुधवार

हे लिहायलाच पाहिजे. नाही लिहिलं तर उद्या मी स्वतःला वेगळंच काहीतरी सांगेन.

दुपारी सिरिलो आला, कॉफीच्या उतारावरचा. बायकोला घेऊन. रेमेदियोस तिचं नाव. मे महिन्यात नदीत पाय घसरून पडली, तेव्हापासून तिची झोप गेली आहे. डोळ्यांखाली काळं. आम्ही म्हणतो जीव तिथेच पाण्याकाठी राहिला. आईने राळ पेटवली, मक्याचे दाणे टाकून बघितले, तिच्या कोपराला तंबाखू-चुना चोळला. पुडी सकाळीच आणून ठेवली होती.

मग आई म्हणाली, "मी ओढ्यावर जाऊन येते." आणि मी गाठ सोडली. सतरा. वर एक.

मी ते हातात घेऊन उभी राहिले. बावीस तारीख समोर दिसत होती. नेहमीसारखं गुपचूप टाकून दिलं असतं तर? तर आणखी चार दिवस तिचं मन राहिलं असतं. मी तशीच ओसरीवर गेले. आई परत येत होती, काठी टेकत. आणि मी सगळ्यांच्या समोर —

"बघा, सिरिलो! बघा हे काय आहे! हे सावत्र आहे. आज रात्री तुमच्या बायकोच्या तोंडात गेलं असतं."

रेमेदियोस दचकून उठलीच. सिरिलो म्हणाला, "बाई, पुडी तुम्ही उघडलीत?" त्याला आधी तेवढंच दिसलं!

"उघडली. सहाव्यांदा उघडली. पाच वेळा एक-एक निघालंय. तिला दिसत नाही, तिला जोड्या मोजता येत नाहीत, ती माणसं मारील!"

आई पायरीशी थांबली होती. रागावली नाही, रडली नाही. विचारलं, "कशावरून ओळखलंस?"

तेव्हा मला तिचं ते विचारणं नाकबूल करणंच वाटलं. मी पोराला फळ्यापुढे उभं करून खडसावते तशी बोलत गेले. "मानेत कडं आहे. देठ निळा पडत नाही. टोपी कागदावर ठेवली तर गंजासारखा डाग पडतो, आपल्यासारखा जांभळा नाही!"

"आणि वास?"

"वासच नाही. आपल्यांना ओल्या पिठाचा येतो."

"बरं," ती म्हणाली. मग सिरिलोकडे तोंड करून, म्हणजे तो होता त्याच्या थोडं बाजूला बघत, "तुम्ही परवा या. परवा ओदिलिया आणेल."

"मी? मी कधी जन्मात आणणार नाही!"

हे मी म्हणाले. एवढं सगळं बोलले त्यातलं हे सगळ्यात मोठ्याने.

सिरिलोने टोपी हातात फिरवली. "चार दिवस पथ्य पाळलं आम्ही, बाई. सहा तास चालत आलो. आता..." रेमेदियोस पदर तोंडावर घेऊन रडत होती. दोघं गेली. आईने आत जाऊन तसबिरीपुढच्या मेणबत्त्या एकेक काढल्या, फडक्यात गुंडाळल्या, पेटीत ठेवल्या. चाचपत, पण सांडलं काही नाही.

मी बरोबर होते. मी बरोबरच होते! मग असं का वाटतंय?

१८ ऑगस्ट

डाग घेतला. पाचवा. आता काय करायचाय पुरावा?

२१ ऑगस्ट

काकूने वाडीभर केलं आहे. पाणवठ्यावर बायका गप्प झाल्या मला बघून. एकजण म्हणाली, "बाईंनी वाचवलं हो माणसाला." आभार मानत होती ती! तिच्या हातातली कळशी हिसकावून ओतून द्यावीशी वाटली.

उद्या पहाटेची बस.

१४ सप्टेंबर

परत आले. आई निम्मी झाली आहे. काकू रोज भाकरी-घेवडा देत होती, पण "दोन घास खाते आणि कुत्र्याला घालते," म्हणाली. तीन आठवड्यांत एकही माणूस दारात आला नाही. पूर्वी या दिवसांत आमच्या ओसरीवर बसायला जागा नसायची.

२ ऑक्टोबर

पाऊस ओसरला. लेकरांचे दिवस संपले. आईने एकदाच विचारलं, "दरडीवर गेली होतीस का?"

"नाही."

"यंदा वायाच गेली मग."

१६ ऑक्टोबर

म्हटलं, आई, आता तरी ऑपरेशन करूया. शहरात मी राहीन तुझ्याबरोबर. म्हणाली, "आता बघायचं काय राहिलंय?" कडवटपणे नाही, नुसतं विचारलं. मला म्हणायचं होतं — मला बघ. त्याऐवजी चुलीत लाकूड सारलं.

१ नोव्हेंबर

मेलेल्यांचा सण. दारात झेंडूची कमान उभारली. मुखवटेवाले मेलेल्यांची सोंगं घेऊन नाचत आले, त्यांना पानात उकडलेले मक्याचे तमाल दिले, कॉफी दिली. दर वर्षी ते आधी आईच्या पाया पडतात, मग नाचतात. यंदा मुखवट्यांआडून जरा कुजबुज झाली. पडले पाया, पण घाईघाईने. आईला कळलंच. तिने हात उचलला होता आशीर्वादाला, तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला.

मी काय केलं हे!

१२ नोव्हेंबर

आईचा ताप उतरत नाही. आज दुपारी तिच्या उशाशी बसले होते. डोळे मिटून पडली होती, झोपलीय असं वाटलं. तर एकदम —

"सगळी मिळून किती काढलीस?"

"काय किती?"

"सावत्र."

एखाद-दुसरं, असं म्हणता आलं असतं. खोटं बोलायला काय झालं होतं! पण मास्तरीण ना मी. खरा आकडा सांगितला. "पाच."

तिने पांघरुणावर हात काढला आणि एकेक बोट मिटत गेली. पाच. मूठ झाली. "पाच. बरं झालं," म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपली.

बरं कसलं? मरणाच्या दारात स्वतःच्या चुका मोजायला लावल्या मी तिला.

२३ नोव्हेंबर

आई गेली. सकाळी, पेज भरवत होते तेव्हा. घास तोंडातच.

२६ नोव्हेंबर

सिरिलो आला होता मातीला. सहा तास चालून. रेमेदियोस नव्हती. "अजून झोपत नाही," एवढंच म्हणाला. मला दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

६ जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही.

२१ जून, बुधवार

सिरिलो आणि रेमेदियोस आज दारात उभी. ती ओळखू येत नाही. दोन्ही गाल बसलेत.

"वरच्या वाडीचे फाउस्तीनोबाबा रात्री लेकरं द्यायला बसायला तयार आहेत," सिरिलो म्हणाला. "पण त्यांचे पाय गेलेत. लेकरं वेचून आणणारं कुणी नाही. बाई, तुम्ही आणाल?"

"सिरिलो, मला येत नाही ते."

"येतं," रेमेदियोस म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला. "आजी म्हणाल्या होत्या, ओदिलिया आणेल. मी तिथेच होते."

'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि 'परवा या' म्हणाले.

२३ जून, सकाळी

उजाडताच दरडीवर गेले. पाय घसरत होते, माती ओली लाल. म्हटलं, मला काही दिसणार नाही. आणि मग दिसली. सगळीकडे! एका ओंडक्याशी सावत्रांचा झुबका होता, तो नजरेने आपोआप मागे टाकला. थांबून विचारही करावा लागला नाही. उजव्या हाताने एक, डाव्या हाताने एक. केव्हा तसं वेचायला लागले ते माझं मलाच कळलं नाही.

कुठे शिकले मी हे? त्या पाच पुड्यांमध्येच, दुसरं कुठे! आईच्या चुकांवर शिकले, म्हणजे तिच्या अपमानाची कमाई आहे ही. वेचताना सारखं तेच मनात येत होतं.

पुडीत चौदा आहेत. गाठ फुलाचीच बांधली. आईची शिकायची राहून गेली.

२३ जून, दुपारी

'चौदा' लिहिलं आणि सहज मागची पानं चाळली.

बारा. त्या दिवशी माझी फुलगाठ तिच्या बोटांना लागली. त्यानंतर अकरा, पंधरा, तेरा, नऊ, सतरा, आणि प्रत्येकाशेजारी एक तांबडा डाग. आई दोन-दोनच वेचायची. तिचा हात चुकला असता तर जोडीतलं एक सावत्र निघालं असतं, आणि मी ते काढल्यावर दुसरं एकटं उरलं असतं. एकदाही उरलं नाही! दहा, चौदा, बारा, आठ, सोळा. तिच्या जोड्या पाचही वेळा पुऱ्या होत्या. वरचं ते एक घाण्यावर जाऊन, ओंडके चाचपून, मुद्दाम आणलेलं होतं. वर ठेवायची, म्हणजे माझ्याकडून राहिलंच तर तिला काढता यावं.

ती माझी परीक्षा घेत होती. आणि मी तिला चार माणसांत नापास केलं.